शक्तीने न सुटणारे प्रश्न: नव्या वाचकांच्या सुपरहिरो-कथांचा आढावा

अमेरिकेतल्या ग्रंथालयांची राष्ट्रीय संघटना दरवर्षी एक यादी प्रसिद्ध करते. शाळेच्या किंवा गावाच्या ग्रंथालयातून अमुक पुस्तक काढून टाका, अशी मागणी सर्वाधिक वेळा कोणत्या पुस्तकांबद्दल झाली, त्याची ती यादी. २०१२ साली त्यात प्रौढांसाठीचं ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ होतं चौथ्या क्रमांकावर. पहिला क्रमांक होता सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेल्या ‘कॅप्टन अंडरपॅन्ट्स’ या मालिकेचा, आणि पुढच्या वर्षीही तो तिच्याकडेच राहिला. पांढरी चड्डी आणि ठिपक्यांची लाल केप घातलेला एक टकला मुख्याध्यापक हा त्या मालिकेचा नायक. मोठ्यांना ज्याचा इतका राग येतो, त्याच पुस्तकावर एरवी वाचायला कंटाळणारी मुलं तुटून पडतात. अशा पुस्तकाकडे नाक न मुरडता नीट बघायला हवं.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत इंग्रजीत नव्या वाचकांसाठी सुपरहिरोंच्या छोट्या कादंबऱ्यांची भली मोठी रांग तयार झाली आहे. पुण्या-मुंबईच्या पुस्तकांच्या दुकानांत ती दिसते, आणि आपल्या इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या दप्तरांतही. पालक विचारतात, याला वाचन म्हणायचं का? माझं उत्तर ‘हो’ असं आहे, पण सरसकट नाही. यातली चांगली पुस्तकं ओळखायची एक खूण मला सापडली आहे. नायकाला शक्ती मिळते, त्या शक्तीपुढे राक्षस हरतो, पण मुलाचं खरं दुखणं त्या शक्तीने बरं होत नाही. त्यासाठी त्याला दुसरंच काहीतरी शोधावं लागतं. हे ज्या पुस्तकात घडतं ते मूल पुन्हा वाचतं. बाकीची पुस्तकं एका दुपारात संपतात आणि विसरली जातात.

या प्रकाराला इंग्रजीत ‘चॅप्टर बुक’ म्हणतात. चित्रपुस्तकं मागे पडली आहेत, जाड कादंबरी अजून पेलत नाही, अशा साधारण सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी ती लिहिली जातात. मोठा टाइप, चार-सहा पानांची प्रकरणं, जवळजवळ प्रत्येक उलटलेल्या पानावर चित्र. या वयात मुलाला अक्षरं येत असतात, शब्दही लागतात, पण परिच्छेदाच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात निसटून जाते. त्याला कमी पडतो तो दम, आणि दम वाचूनच वाढतो. अमेरिकी वाचनतज्ज्ञ जीन चॉल यांनी दाखवून दिलं होतं की चौथीच्या सुमारास अनेक मुलांची, विशेषतः गरीब घरांतल्या मुलांची, वाचनातली वाटचाल अडखळते. तोवर मूल वाचायला शिकत असतं. तिथून पुढे त्याला वाचून शिकायचं असतं. ही मधली दोन-तीन वर्षं मालिकांच्या आधाराने पार होतात. पहिल्या पुस्तकातली माणसं, गाव, गुपित ओळखीचं झालेलं असल्यामुळे दुसऱ्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण निम्मं आधीच वाचल्यासारखं असतं. सुपरहिरोची कथा यासाठी फार सोयीची. तिचा साचा पक्का असतो: साधं आयुष्य, संकटाची हाक, वेषांतर, झुंज, आणि कोणाला काही कळण्याआधी परत घरी. पुढे काय होणार हे माहीत असल्यामुळे मुलाचं सगळं लक्ष ते कसं सांगितलंय यावर राहू शकतं.

गद्यात सुपरहिरो आला तो फार पूर्वीच. सुपरमॅन कॉमिकमध्ये अवतरला १९३८ साली, आणि चारच वर्षांनी जॉर्ज लोथर यांची ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन’ ही मुलांसाठीची कादंबरी निघाली. लोथर सुपरमॅनच्या रेडिओ मालिकेसाठी लिहीत. चित्रं काढली होती सुपरमॅनच्या दोन जनकांपैकी एक असलेल्या जो शुस्टर यांनी. पण त्यानंतरची काही दशकं ही वाट अरुंदच राहिली. १९५४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचं कॉमिक्सविरोधी पुस्तक गाजलं, सिनेटने सुनावण्या घेतल्या आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. केप घातलेला नायक म्हणजे वाचनाचा वैरी, हे शाळांच्या मनात पक्कं बसलं. गंमत हवी हे मात्र तेव्हाही लोकांना पटत होतं. डॉ. स्यूस यांनी १९५७ साली अवघ्या २३६ वेगवेगळ्या शब्दांत ‘द कॅट इन द हॅट’ लिहून दाखवलं. १९९२ साली ‘मॅजिक ट्री हाऊस’ आणि ‘ज्युनी बी. जोन्स’ या मालिका सुरू झाल्या आणि छोट्या प्रकरणांच्या कादंबरीचं दुकान जोरात चालू लागलं. सुपरहिरोला त्या दुकानात आणलं ते १९९७ साली डेव्ह पिल्की यांनी.

पिल्की यांची कहाणी त्यांच्या पुस्तकांपासून वेगळी काढता येत नाही. लहानपणी त्यांना डिस्लेक्सिया आणि एडीएचडी असल्याचं निदान झालं. दुसरीत असताना वर्गात दंगा केला म्हणून बाई त्यांना बाहेर व्हरांड्यात बसवत, आणि तिथल्या बाकावर बसून ते कॉमिक्स काढत. कॅप्टन अंडरपॅन्ट्स तिथेच जन्मला. पुस्तकातली जॉर्ज आणि हॅरॉल्ड ही जोडगोळीही तेच करते: शाळेत त्रास देते, शिक्षा भोगते आणि स्वतः कॉमिक्स काढून मुलांना विकते. मुख्याध्यापक क्रप यांना ही मुलं संमोहनाच्या अंगठीने त्यांच्याच कॉमिकमधला वीर बनवून टाकतात. चुटकी वाजली की क्रप कपडे उतरवून जगाला वाचवायला निघतात, डोक्यावर पाणी पडलं की पुन्हा खडूस मुख्याध्यापक.

या वीरात सुरुवातीला शक्ती नसतेच, इकडे माझं लक्ष वारंवार जातं. त्याला फक्त ती आहे असं वाटत असतं, आणि प्रत्यक्षात त्याला वाचवत फिरतात ती दोन मुलं. संपूर्ण मालिकेत खरी ताकद कसली, तर या दोघांच्या कॉमिक्सची. ती कॉमिक्स पुस्तकाच्या पोटात जशीच्या तशी छापलेली असतात, बालिश चित्रं आणि शुद्धलेखनाच्या भरमसाट चुकांसह. त्या चुकांवर शिक्षकांनी आणि पालकांनी फार टीका केली. मला त्यात लेखकाचं मोठं शहाणपण दिसतं. ज्या मुलाच्या वहीचं प्रत्येक पान लाल शाईने भरून परत येतं, त्याला इथे छापील पुस्तकात स्वतःसारखं लिहिणारा कोणीतरी भेटतो, आणि चुका असूनही त्याची गोष्ट लोक वाचतायत हेही दिसतं. शिवाय मधलं सगळं कथन चोख, नीटस इंग्रजीत आहे. मूल नकळत दोन्हींची तुलना करत जातं. मग ‘फ्लिप-ओ-रामा’: दोन पानं भराभर पुढेमागे हलवली की चित्रातली मारामारी हलताना दिसते. ज्याच्या हाताला स्वस्थता नाही, त्या मुलाच्या हाताला पिल्कींनी पुस्तकातच काम दिलं.

या मालिकेत सगळंच चांगलं आहे असं मी म्हणत नाही. बाराव्या पुस्तकापर्यंत, म्हणजे २०१५ पर्यंत, येताना कालप्रवासाचा गुंता इतका वाढतो की पहिल्या पुस्तकांचा मोकळेपणा हरवतो. तिच्यातूनच निघालेल्या ‘ऊक अँड ग्लक’ या पुस्तकात आशियाई लोकांचं साचेबद्ध, अपमानकारक चित्रण होतं. २०२१ मध्ये पिल्की आणि प्रकाशक स्कोलास्टिक यांनी जाहीर माफी मागून ते बाजारातून काढून घेतलं. ते योग्यच झालं. विनोदाच्या नावाखाली जे आत शिरतं त्याकडे मोठ्यांनी लक्ष द्यायचं ते इथे. चड्डीचे आणि शेंबडाचे विनोद मुलांना बिघडवत नाहीत.

दुसरं मोठं वळण आलं २०१४ साली. शॅनन हेल आणि डीन हेल या लेखक दांपत्याने ‘द प्रिन्सेस इन ब्लॅक’ लिहिलं, चित्रं काढली लेविन फाम यांनी. राजकन्या मॅग्नोलिया गुलाबी झग्यात पाहुणीला चहा-बिस्किटं देत असते. हातातली अंगठी वाजते. राक्षसांच्या देशातून कोणीतरी शेळ्या खायला वर आलंय! राजकन्या केरसुण्यांच्या कपाटात शिरते, काळा वेश घालते, बुरखा चढवते आणि गुप्त वाटेने निसटते. तिचा शिंगवाला पांढरा घोडाही काळा होऊन तयार असतो. इकडे पाहुणी डचेस विगटॉवर राजवाड्यात गुपितं हुंगत हिंडते आहे. म्हणजे एकाच वेळी दोन धोके, आणि सहा वर्षांच्या वाचकाला दोन्ही धागे सांभाळता येतील इतकी सोपी, एका आड एक प्रकरणं. रचनेचं हे कसब सहज दिसतं म्हणून सोपं समजू नये. प्रत्येक पानावर रंगीत चित्र, आणि ते चित्र मजकूर जे सांगत नाही ते सांगतं.

या मालिकेत मारामारी आहे, पण मुळात राक्षस दुष्ट नाहीत. त्यांना भूक लागलेली असते. २०१६ च्या ‘हंग्री बनी होर्ड’ या भागात तर संकट म्हणून येतात गोंडस सशांचे कळपच्या कळप. मॅग्नोलियाच्या सगळ्या गुद्द्यालाथांचा त्यांच्यापुढे उपयोग शून्य, कारण इतक्या गोड प्राण्यांना मारणार कसं? शेवटी कामी येतो तो घोडा, कारण त्याला सशांची भाषा कळते. शक्ती थांबते आणि बोलणं सुरू होतं. इतक्या छोट्या पुस्तकात, इतक्या हलक्या हाताने हे सांगितलेलं मी दुसरीकडे फारसं पाहिलेलं नाही. आणखी एक गोष्ट. शॅनन हेल यांनी स्वतः सांगितलंय की त्यांच्या शाळाभेटींत काही ठिकाणी फक्त मुलींनाच वर्गातून सोडलं गेलं, कारण ‘राजकन्यांची पुस्तकं’ मुलग्यांसाठी नसतात असं शाळेने परस्पर ठरवलं होतं. आपल्या घरात सहा-सात वर्षांचा मुलगा असेल तर हे पुस्तक त्याच्या हातात आवर्जून द्या. कुठलीही प्रस्तावना न करता.

जॅकलिन ज्यूल्स यांची ‘झपाटो पॉवर’ ही मालिका (२०१०) तुलनेने कमी गाजली. तिचा नायक फ्रेडी रामोस लॅटिनो मुलगा, आईबरोबर साध्या वस्तीतल्या सदनिकेत राहणारा. वडील सैनिक होते, आता नाहीत. एक दिवस दारात खोकं येतं, त्यात जांभळे बूट. ते घातले की तो आगगाडीच्या वेगाने धावतो. त्याची कामं मात्र शाळेतली आणि शेजारपाजारची. जग वाचवण्याचा आवेश नाही. वेगाने वडील परत येणार नसतात, हे पुस्तक न बोलता जाणून आहे. इथे मराठी वाचकाला भा. रा. भागवतांचा बनेश फेणे आठवल्याशिवाय राहणार नाही. वेगावरूनच ‘फास्टर’ हे नाव पडलेला, फुरसुंगीचा, विद्याभवनात शिकणारा हडकुळा मुलगा. त्याच्याकडे जादूचे बूट नाहीत. सायकल आहे, टाळूला जीभ लावून काढलेला ‘टॉक्’ आहे आणि गप्प न बसण्याचा स्वभाव आहे. फेणे सुपरहिरो नाही हे मला मान्य आहे, पण मराठी मुलांनी सुपरहिरोकडून जे घ्यायचं ते त्याच्याकडून घेतलं. फरक आहे तो वाचकाच्या वयात. भागवतांचं गद्य दहा-अकरा वर्षांच्या सराईत वाचकासाठी आहे. फ्रेडीचं पुस्तक आठ वर्षांचं मूल एकटं वाचू शकतं.

शक्ती नसलेल्या मुलाला शक्तिमानांच्या गर्दीत उभं करायचं, ही या प्रकारातली फार फळलेली युक्ती. विल्यम बोनिफेस यांच्या ‘ऑर्डिनरी बॉय’ या २००६ मधल्या मालिकेत सगळ्या शहराला काही ना काही शक्ती आहे आणि एकट्या नायकाला नाही. ग्रेग जेम्स आणि ख्रिस स्मिथ या ब्रिटिश रेडिओ निवेदकांच्या ‘किड नॉर्मल’मध्ये (२०१७) मर्फ कूपर चुकून सुपरहिरोंच्या शाळेत दाखल होतो. त्याच्या सोबत्यांच्या शक्तीही कुचकामी वाटाव्या अशा: एकीला फक्त दोन इवलेसे घोडे हजर करता येतात, एकाचं अंग नको तेव्हा फुगतं. मर्फकडे काहीच नाही, म्हणून तो विचार करतो आणि या विजोड मंडळींना एकत्र बांधतो. डेव्हिड सॉलोमन्स यांच्या ‘माय ब्रदर इज अ सुपरहिरो’ला २०१६ मध्ये वॉटरस्टोन्सचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यातला ल्यूक कॉमिक्सचा भक्त. त्याचा थोरला भाऊ झॅक अभ्यासू, कॉमिक्सना न विचारणारा. परग्रहावरचा पाहुणा शक्ती वाटायला येतो नेमका तेव्हा, जेव्हा ल्यूक लघवीला गेलेला असतो. शक्ती जाते झॅककडे. धाकट्या भावंडांचा सगळा मत्सर, सगळं प्रेम या एका प्रसंगात मावलं आहे. ही शेवटची दोन पुस्तकं मात्र लांब आहेत. नऊ-दहाच्या आधी देऊ नयेत.

आणि मग केट डिकॅमिलो यांचं ‘फ्लोरा अँड युलिसीस’. २०१३ साली आलेल्या या पुस्तकाला २०१४ चं न्यूबेरी पदक मिळालं. शेजारणीच्या अजस्र व्हॅक्यूम क्लीनरमध्ये एक खार ओढली जाते, मरता मरता वाचते आणि तिच्यात अचाट ताकद येते. ताकद कशाची? ती टाइपरायटरवर कविता लिहू लागते. कथा गद्यात आणि के. जी. कॅम्बेल यांच्या कॉमिक-चौकटींत आलटून पालटून पुढे जाते. फ्लोरा दहा वर्षांची आहे, आईवडील वेगळे झालेत, आणि बाबांबरोबर ती जी कॉमिक्स वाचायची त्यांतल्या संकट-सूचना तिला तोंडपाठ आहेत. ती स्वतःला कोरडी, कशावरही भरवसा न ठेवणारी समजते. उडणाऱ्या खारीने आईबाबांचं भांडण मिटत नाही. पण खारीची काळजी घेताना फ्लोराला आपल्या मनात किती माया आहे ते कळतं. माझ्या लेखी या सगळ्या आढाव्यातलं हे सर्वांत मोठं पुस्तक. कॉमिक, सिनेमा आणि गद्य यांत गद्यालाच जे जमतं ते इथे ठळक दिसतं: एका मुलीच्या मनात शिरून, तिला स्वतःला न उमगलेलं आपल्याला दाखवणं.

बाजारात मात्र दुसरीच पुस्तकं जास्त दिसतात. सिनेमा-मालिकांवर बेतलेली, मार्व्हल-डीसीच्या ठरलेल्या वीरांची, पटापट लिहून काढलेली. त्यांतही अपवाद आहेत. लिसा यी यांनी २०१६ पासून लिहिलेल्या ‘डीसी सुपर हिरो गर्ल्स’च्या कादंबऱ्यांत शाळकरी वंडर वुमनचा नवखेपणा जिवंत उतरलाय. थॉमस फ्लिंटहॅम यांची ‘प्रेस स्टार्ट!’ ही मालिका अगदी नवख्या वाचकांसाठी: सनी नावाचा मुलगा व्हिडिओ गेम खेळतो आणि गेममधला ससा-वीर हरला की खेळ पुन्हा सुरू होतो. हरणं म्हणजे फक्त परत सुरुवात करणं, हे वाचायला धडपडणाऱ्या मुलाच्या फार उपयोगाचं. ॲलेक्स फलासे-कोया यांच्या ‘मार्व्ह’मध्ये (२०२२) माळ्यावर सापडलेला पोशाख घालणाऱ्याच्या दयाळूपणावर आणि कल्पनाशक्तीवर चालतो. कल्पना गोड आहे, पण पुस्तक ती इतक्यांदा बोलून दाखवतं की मुलाला स्वतः शोधायला काही उरत नाही.

हिंसेचा प्रश्न टाळून चालणार नाही. आपल्याकडे १९९७ नंतर ‘शक्तिमान’ पाहून उड्या मारणाऱ्या मुलांच्या बातम्या आल्या होत्या आणि भागाच्या शेवटी नायकाचं काम करणाऱ्या मुकेश खन्नांना मुलांना समजवावं लागत होतं. सेरा कॉइन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये शाळापूर्व वयाच्या २४० मुलांवर केलेल्या अभ्यासात असं दिसलं की सुपरहिरोंत फार रमणारी मुलं वर्षभराने जास्त आक्रमक झाली होती, आणि दुबळ्यांचा कैवार घेण्यात मात्र पुढे नव्हती. त्याच वर्षी रेचेल व्हाइट आणि सहकाऱ्यांनी चार आणि सहा वर्षांच्या १८० मुलांना एक कंटाळवाणं काम दिलं, शेजारी मोहात पाडायला टॅबलेटवरचा खेळ ठेवला, आणि काही मुलांना बॅटमॅनसारख्या आवडत्या पात्राचं सोंग घ्यायला लावलं. सोंग घेतलेली मुलं सर्वांत जास्त वेळ कामाला चिकटून राहिली. माझ्या मते या दोन निष्कर्षांत विरोध नाही. पडद्यावर मूल नायकाचे हात बघतं. सोंगात ते नायकाच्या डोक्यात शिरतं. पुस्तक या दुसऱ्या गोष्टीच्या जवळ आहे. गद्यात गुद्दा एका वाक्यात संपतो, मग उरलेल्या पानांत लेखकाला तो का मारला, मारताना भीती वाटली का, नंतर काय वाटलं हे लिहावंच लागतं.

मराठीत या नायकाची भूक नवी नाही. बाबूराव अर्नाळकरांचा काळापहाड आणि झुंजार पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी मोठ्यांच्या नजरेआड वाचले. १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्सने ली फॉक यांचा वेताळ मराठीत आणला आणि त्याची कवटीची अंगठी शाळकरी मुलांच्या स्वप्नांत गेली. ‘टिंकल’ने अलीकडे ऐझॉलची विंगस्टार ही तेरा वर्षांची नायिका उभी केली, जिला वीरपणापेक्षा साधं मूलपण प्यारं आहे, मला ती फार आवडते. पण सात ते नऊ या वयाच्या मुलाने एकट्याने वाचावी अशी छोट्या प्रकरणांची मराठी सुपरहिरो-मालिका कुणी मागितली, तर मला नाव सुचत नाही. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’, ‘यश’ या पुस्तकांनी या वयाच्या मुलांच्या घराचं, बोलण्याचं नेमकं चित्र काढून दाखवलंय, त्यामुळे मराठीत हे जमत नाही असं कोणी म्हणू नये. ‘असर’च्या शैक्षणिक पाहण्या वर्षानुवर्षं सांगतायत की देशातल्या तिसरीच्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीचा मजकूर नीट वाचता येत नाही. त्या मुलांना धड्यांपलीकडे काहीतरी ओढ लावणारं हवं आहे.

लिहिणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी इंग्रजीपेक्षा वेगळ्या असतील. इंग्रजीत अडतं ते स्पेलिंग. आपल्याकडे मूल अडखळतं ते जोडाक्षराशी आणि प्रत्यय लागून लांबलेल्या शब्दांशी, म्हणून पहिल्या भागात जोडाक्षरं मोजून वापरावीत आणि पुढच्या भागांत वाढवत न्यावीत. टाइप मोठा, शब्दांमधली जागा मोकळी, ओळ वाक्याच्या नैसर्गिक विरामावर तुटलेली. नायक किंवा नायिका एसटीने शाळेत जाणारी असावी, चाळीत किंवा वाडीवर राहणारी, आणि तिच्या गुपिताला धोका शेजारच्या काकूंपासूनच असावा; मॅग्नोलियाच्या डचेसपेक्षा आपल्या शेजारणी कितीतरी सावध असतात. आणि एकच भाग काढून थांबू नये. मुलाला पहिला आवडला तर दुसरा त्याच आठवड्यात हवा असतो. प्रकाशकाने किमान चार भाग हातात असताना पहिला छापावा आणि जिल्हा परिषदेच्या शाळांच्या वाचनपेटीत चारही एकदम जातील एवढी किंमत ठेवावी. काळ्या-पांढऱ्या चित्रांनी हे शक्य आहे. ‘कॅप्टन अंडरपॅन्ट्स’ची पहिली पुस्तकंही आतून काळीपांढरीच होती.